मैदानापासून अपघात विभागापर्यंत : एका दुखापतीचा अभ्यास

दरवर्षी आपल्या वार्षिकाच्या मधल्या गुळगुळीत पानांवर जिमखान्याची छायाचित्रे छापली जातात. मध्ये चषक, त्यामागे प्राचार्य आणि दोन्ही बाजूंना विजयी खेळाडू. ही छायाचित्रे पाहताना कोणालाही आनंदच वाटेल. परंतु ज्या खेळाडूचा मोसम एका पडण्याने संपला, त्याचे छायाचित्र कोठेही नसते. खेळाच्या या दुसऱ्या बाजूविषयी चार शब्द लिहावेत असे मला वाटले, त्याला कारण माझ्या घरी घडलेला एक प्रसंग आहे. मी वैद्यकाची विद्यार्थिनी नाही. राज्यशास्त्र आणि मराठी हे माझे विषय. तरीही त्या रात्रीनंतर मी डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजून घेतले, ते माझ्या खेळाडू बंधुभगिनींच्या उपयोगी पडेल अशी आशा आहे.

प्रसंग

माझा धाकटा भाऊ पंधरा वर्षांचा. कबड्डीचे त्याला वेड. गावच्या जत्रेतील सामन्यात तो चढाईला गेला होता. गडी बाद करून परत येताना मध्यरेषेजवळ त्याची पकड झाली. तो पुढे पडला आणि स्वतःला सावरण्यासाठी त्याने उजवा हात जमिनीवर टेकला. त्याच हातावर त्याचे आणि मागच्या दोघांचे वजन आले. कोपर आणि मनगट यांच्यामध्ये हात वाकडा झालेला सर्वांना दिसला. तेव्हा सायंकाळचे पाच वाजले असतील.

आमच्या गावात हाड मोडले की दवाखान्याचे नाव कोणी काढत नाही. हाडे बसवणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांना सारा गाव तात्या म्हणतो. ते पैसे घेत नाहीत. कोणी नारळ ठेवतो, कोणी पायलीभर ज्वारी देतो. त्यांनी हात ओढून सरळ केला, लेप लावला, चारी बाजूंनी बांबूच्या कांबी ठेवल्या आणि वरून कापडाची पट्टी घट्ट आवळून बांधली. सहा वाजता आम्ही घरी आलो. आजीने त्याला दूधभात भरवला.

नऊ वाजल्यापासून भाऊ कण्हू लागला. आजी म्हणाली, "हाड मोडलंय, दुखणारच की." आईने हळदीचे दूध दिले. दहाच्या सुमारास मी कंदिलासारखा मोबाइलचा उजेड धरून त्याची बोटे पाहिली. ती फिकट पडली होती आणि गार लागत होती. मी एक बोट हलकेच सरळ केले, तर तो एवढ्याने किंचाळला की शेजारची माणसे उठून आली. नंतर तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, बोटं माझी न्हाईत असं वाटतंय गं."

आबा ओसरीवर बसून होते. त्यांना दवाखान्याची भीती वाटत नव्हती, खर्चाची वाटत होती. दोन वर्षांपूर्वी आजोबांच्या आजारपणात काढलेले कर्ज अजून फिटले नव्हते. "सकाळच्याला बघू," ते म्हणाले. आयुष्यात प्रथमच मी त्यांच्या शब्दापुढे शब्द काढला. "आबा, सकाळी हात ऱ्हाणार न्हाई." हे मी कशाच्या आधारावर बोलले, ते मला आजही सांगता येणार नाही. आबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि जीपवाल्याला उठवायला गेले.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आम्ही सव्वाअकराला पोचलो. मी केसपेपरच्या खिडकीकडे वळले, तोच तरुण डॉक्टरीणबाईंनी भावाची बोटे पाहिली आणि म्हणाल्या, "केसपेपर नंतर. आधी कात्री." त्यांनी पट्टी वरपासून खालपर्यंत कापली आणि कांबी बाजूला काढल्या. काही मिनिटांतच बोटांवर थोडी लाली आली. मग त्यांनी विचारले, "पट्टी किती वाजता बांधली होती?" मी सांगितले, सहा वाजता. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, पण काही बोलल्या नाहीत. त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ मला पुढे वाचनातून कळला.

शास्त्र काय सांगते

आपल्या हाताचे स्नायू मोकळे नसतात. ते एका चिवट, न ताणणाऱ्या पडद्याच्या कप्प्यांत बसवलेले असतात. हाड मोडले की आत रक्तस्राव होतो आणि सूज येते. पोते शिवून टाकावे आणि मग आतले धान्य पाणी पिऊन फुगावे, तशी कप्प्याची अवस्था होते. आतला दाब वाढत जातो. तो बारीक रक्तवाहिन्यांतील दाबाइतका झाला की स्नायूंना आणि नसांना रक्त मिळेनासे होते. त्यावर बाहेरून घट्ट पट्टी असेल, तर सुजेला जागाच उरत नाही आणि हा दाब अधिकच वेगाने वाढतो.

रक्ताविना स्नायू फार काळ तग धरू शकत नाहीत. साधारणतः सहा तासांनंतर होणारी हानी भरून न येणारी ठरू लागते. मेलेला स्नायू पुढे आक्रसतो आणि बोटे पंजासारखी आत वळून कायमची तशीच राहतात. जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ साली या विकृतीचे वर्णन केले व घट्ट बांधणीशी तिचा संबंध जोडला. आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. म्हणजे जी गोष्ट शास्त्राला जवळजवळ दीडशे वर्षे ठाऊक आहे, ती आमच्या गावाच्या वेशीपर्यंत पोचलेली नव्हती.

हा धोका ओळखावा कसा? पहिली खूण म्हणजे दुखापतीच्या मानाने फार जास्त आणि सतत वाढत जाणारी वेदना. दुसरी, बोट सरळ करताच असह्य कळ येणे. त्यानंतर मुंग्या, बधिरपणा, फिकटपणा आणि शेवटी बोटे न हलणे. येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. मनगटाची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नये. बारीक वाहिन्या बंद पडल्या तरी मोठी रक्तवाहिनी बराच वेळ वाहत असते. नाडी थांबेपर्यंत वाट पाहिली, तर बहुधा उशीर झालेला असतो.

पट्टी सोडूनही दाब उतरला नाही, तर कप्प्याचा पडदा शस्त्रक्रियेने चिरून मोकळा करावा लागतो. ही सोय ग्रामीण रुग्णालयात नव्हती. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. तीच बोलावून आम्हांला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवण्यात आले. हा क्रमांक आमच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेला होता. रोज वाचलेला तो क्रमांक गरजेच्या वेळी मलाही आठवला नाही, ही माझी चूक मी येथे कबूल करते.

रांग कोणाची?

जिल्ह्याच्या रुग्णालयात अपघात विभागाबाहेर आम्ही बाकावर बसलो. भावाचा हात मोकळा केलेला होता आणि एक सिस्टर दर थोड्या वेळाने येऊन त्याची बोटे तपासत होत्या. एवढ्यात सर्पदंश झालेल्या एका शेतकऱ्याला आणले आणि डॉक्टर सारे काही टाकून तिकडे धावले. आबा संतापले. "आमी आधी आलोय," ते म्हणाले. सिस्टर शांतपणे उत्तरल्या, "बाबा, इथली रांग कोण आधी आलं त्याची नसते. कोणाचा जीव आधी जाईल, त्याची असते."

या एका वाक्यात अपघात विभागाचे सारे तत्त्व आले. त्याचा इतिहासही बोधप्रद आहे. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक दोमिनिक लारे यांनी जखमी सैनिकांवर उपचार करताना हुद्दा पाहू नये, जखम किती गंभीर आहे ते पाहावे, असा दंडक घातला. सरदार असो की साधा शिपाई, ज्याची जखम गंभीर तो आधी. ज्या समाजात पंगतीपासून पाणवठ्यापर्यंत सर्वत्र रांग जन्माने ठरत आली, त्या समाजातील विद्यार्थ्यांनी हा नियम नीट समजून घ्यावा असे मला वाटते. अपघात विभागातील ती रांग, निदान तत्त्वतः, फक्त गरज ओळखते.

आबांच्या मनात दुसरीही धास्ती होती. पैसे नाहीत म्हणून परत पाठवले तर? पोलिसांचे लचांड मागे लागले तर? ही भीती सर्वस्वी निराधार होती असे नाही. एका जखमी स्कूटरस्वाराला रुग्णालयाने कायदेशीर बाबींचे कारण सांगून दूरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे धाडले आणि तो वाटेतच दगावला. या बातमीवरून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. १९८९ साली न्यायालयाने निर्णय दिला की, जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे, मग तो सरकारी असो वा खाजगी, पहिले कर्तव्य आहे आणि पोलिसांची कागदपत्रे त्याच्या आड येऊ शकत नाहीत. पुढे १९९६ साली पश्चिम बंगालमधील एका खटल्यात, गाडीतून पडून जखमी झालेल्या मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून नाकारले होते. तेथे न्यायालयाने सांगितले की, वेळेवर तातडीचे उपचार न देणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भंग आहे.

एकविसावा अनुच्छेद मी परीक्षेसाठी पाठ केला होता. त्याचा अर्थ मात्र त्या बाकावर बसून, आबांच्या धोतराच्या सोग्यात बांधलेल्या नोटांच्या पुरचुंडीकडे पाहताना कळला.

खेळाडूंनी काय करावे

दुसऱ्या दिवशी भावावर शस्त्रक्रिया झाली. दोन्ही हाडांना पट्ट्या बसवल्या. भूल देण्यापूर्वी डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "शेवटचं काय आणि किती वाजता खाल्लं?" शस्त्रक्रियेची शक्यता असेल तर जखमी माणसाला खाऊपिऊ घालू नये, कारण बेशुद्धीत पोटातील अन्न फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो. आजीच्या मायेच्या दूधभाताचीही अशी नोंद होते.

डॉक्टरांनी सांगितलेल्या आणखी काही गोष्टी अशा. हाड मोडल्याचा संशय असेल तर हात ओढू नये, चोळू नये. आहे त्या स्थितीत पुठ्ठा किंवा घडी घातलेले वर्तमानपत्र आधाराला लावून सैल बांधावे आणि ओढणीची झोळी करून गळ्यात अडकवावे. सूज चढण्यापूर्वीच अंगठी, कडे, मनगटाचा गंडादोरा काढून टाकावा. बर्फ लावायचा तर कापडात गुंडाळून, थोडा वेळच लावावा. साध्या सुजेत हात उंच ठेवल्याने बरे वाटते. परंतु वर सांगितलेल्या खुणा दिसत असतील तर पट्टी तत्काळ सोडावी, हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि रुग्णालय गाठावे. वाढत्या वयातील मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते. तिला इजा झाली तर हाडाची वाढ बिघडू शकते. म्हणून मुलाची दुखापत केवळ मुरगळली आहे असे घरीच ठरवू नये.

आपल्या महाविद्यालयाच्या जिमखान्यालाही माझी एक नम्र सूचना आहे. प्रत्येक संघासोबत प्रथमोपचाराची पेटी असावी, तीत एक चांगली कात्री असावी आणि संघातील निदान एकाला ती कशी वापरायची ते माहीत असावे. चषकाइतकीच ही पेटीही संघाची शोभा आहे.

उपसंहार

भावाच्या बोटांतील बधिरपणा जायला दोन महिने लागले. आता तो पेन धरतो, घास घेतो. मूठ मात्र अजून पूर्वीसारखी घट्ट वळत नाही. तो पुन्हा चढाईला जाईल की नाही, हे डॉक्टरांनी अद्याप सांगितलेले नाही. सध्या तो मैदानाच्या कडेला बसून गुण लिहितो.

गावात पुष्कळ लोक तात्यांना बोल लावू लागले. मला ते पटले नाही. रात्रीअपरात्री, पैशाची अपेक्षा न ठेवता, हाकेच्या अंतरावर जो माणूस उभा राहतो, त्याच्याकडेच गाव जाणार. दोष त्या अंतराचा आहे आणि ज्ञान एका बाजूला साठून राहिल्याचाही आहे. दिवाळीच्या सुट्टीत तात्या स्वतःच आमच्या ओसरीवर आले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरी, तू कालेजात शिकतीस. बोटं बघायची म्हंजे नेमकं काय बघायचं, ते मला सांग."

मी त्यांना एकेक खूण सांगितली. त्यांनी ती आपल्याच बोटांवर मोजून पुन्हा म्हणून दाखवली. शेवटी मी म्हणाले, "आणि तात्या, यातलं एक जरी दिसलं तर पट्टी सोडायची आणि एकशेआठला फोन करायचा." त्यांनी मान हलवली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. शिकून काय करणार, असे मला अनेकजण विचारतात. त्या दिवशी त्या प्रश्नाचे थोडेसे उत्तर मला मिळाले.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला