आकडे वाचणारे यंत्र

आपण अक्षरे शिकलो. आकडे शिकलो. आता बाजारात गेलो की भाव वाचता येतो. पावतीवर अंगठा न उठवता सही करता येते. या पाठात आपण अशा एका यंत्राची माहिती घेऊ, जे स्वतः आकडे वाचते आणि वाचलेल्या आकड्यांप्रमाणे लाकूड कापते.

सुतारदादांचा प्रश्न

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक सुतारदादा येत असत. वय पन्नाशीच्या पुढचे. हाताला कसब मोठे. एके रात्री त्यांनी पाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "गुरुजी, एक इचारू का? तालुक्याच्या दुकानात नवे देव्हारे आलेत. जाळी कापलेली, वेलबुट्टी कोरलेली. मला एक जाळी कोरायला दोन दिवस लागतात. दुकानदार म्हणतो, हे यंत्रानं दोन तासांत केलं. मग आमच्या पोराबाळांनी काय खायचं?"

वर्ग गप्प झाला. प्रश्न पोटाचा होता. खोटा धीर देऊन भागणार नव्हते. आम्ही म्हणालो, "दादा, ज्याची भीती वाटते ते आधी नीट पाहावं. ते यंत्र काय आहे, कसं चालतं, कुणाला घेता येतं, हे समजून घेऊ. मग ठरवू."

मग आम्ही सर्वांनी मिळून जे समजून घेतले, ते येथे सांगतो.

यंत्र चालते कसे?

राउटर तुम्ही पाहिला असेल. त्यात एक लहान पाते गरगर फिरते. सुतार तो दोन्ही हातांनी धरून फळीवर चालवतो. या यंत्रात राउटर हाताने धरायचा नाही. तो एका गाड्यावर बसवलेला असतो. गाडा तीन दिशांनी सरकतो: डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली. प्रत्येक दिशेसाठी निराळी मोटार असते.

ही मोटार पंख्याच्या मोटारीसारखी नुसती फिरत नाही. ती पावलापावलाने फिरते. एका पूर्ण फेऱ्यात तिची २०० पावले होतात. तिला एक आटेदार दांडा जोडलेला असतो. समजा, दांडा एकदा फिरला की गाडा ५ मिलिमीटर सरकतो. आता हिशेब करा. २०० पावलांत ५ मिलिमीटर, तर १ मिलिमीटरला किती पावले? २०० भागिले ५, म्हणजे ४०. म्हणजे आपण यंत्राला सांगितले, "१०० मिलिमीटर जा," की मोटार ४,००० पावले टाकते आणि थांबते. जादू काही नाही. आहे तो साधा भागाकार!

यंत्राला हुकूम द्यायचा तो आकड्यांत. असा लिहितात:

जी १ एक्स १०० एफ ६००

याचा अर्थ, "कापत कापत १०० मिलिमीटरच्या खुणेपर्यंत जा. वेग मिनिटाला ६०० मिलिमीटर ठेव." गाडा शून्याच्या खुणेवरून निघाला, तर हे काम दहा सेकंदांचे. अशा शेकडो ओळी एकापुढे एक आल्या की जाळी तयार होते. या ओळी आपण हाताने लिहीत बसत नाही. चित्र संगणकावर काढायचे. संगणकच त्याच्या ओळी करून देतो. पण ओळ वाचता आली, तर चूक कुठे झाली ते कळते. म्हणून वाचायला शिकावे.

हे आले कुठून?

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत जॉन पार्सन्स नावाचे एक कारखानदार होते. हेलिकॉप्टरच्या पात्यांचा आकार अगदी अचूक हवा, म्हणून आकड्यांवरून कापण्याची कल्पना त्यांनी पुढे आणली. १९५२ साली एमआयटी या विद्यापीठात असे यंत्र चालवून दाखवले गेले. हुकूम कागदी फितीवर भोके पाडून देत. यंत्राला हुकूम देणारी कपाटे खुद्द यंत्रापेक्षा जास्त जागा अडवत! असे यंत्र मोठ्या कारखान्यालाच परवडे. पुढे कित्येक वर्षे ते कारखान्यांतच राहिले.

मग ते घरच्या पडवीत आले कसे? ते आले विरजणाच्या न्यायाने.

शेजारीण वाटी घेऊन येते. म्हणते, "वहिनी, विरजण द्या." आपण चमचाभर देतो. आपले दही कमी होत नाही. तिच्या घरी मात्र मडकेभर दही लागते. उद्या आपले विरजण बिघडले, तर आपण तिच्याकडून आणतो. काही माणसांनी आपली विद्या अशीच वाटली.

इटलीत इव्रेआ या गावी २००५ साली काही शिक्षकांनी विद्यार्थ्यांसाठी तळहाताएवढी एक स्वस्त पट्टी बनवली. तिचे नाव आर्डुइनो. मोटारींना हुकूम सोडायला ती उपयोगी पडते. तिचा नकाशा त्यांनी सर्वांना खुला केला. नॉर्वेतील सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी २००९ साली जीआरबीएल नावाची आज्ञावली लिहिली. आज्ञावली म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची यादी. आकड्यांच्या ओळी वाचून मोटारींना पावले टाकायला लावणे, हे तिचे काम. ती या छोट्या पट्टीवर चालते आणि फुकट मिळते. २०११ साली अमेरिकेतील एडवर्ड फोर्ड यांनी शेपओको नावाचे लहान यंत्र लोकांपुढे आणले आणि त्याचे नकाशे खुले ठेवले. २०१६ साली मास्लो नावाचे यंत्र आले. त्याची रचना मोठी गमतीची आहे. आठ फूट लांब, चार फूट रुंद फळी भिंतीला टेकवल्यासारखी उभी करायची. वरच्या दोन कोपऱ्यांत दोन मोटारी. त्यांच्या दोन साखळ्यांना राउटर टांगलेला. एक साखळी ओढली, दुसरी सोडली, की राउटर हवा तिकडे सरकतो. राउटर सोडून बाकीचे सामान पाचशे डॉलरच्या आत मिळेल, असे ते बेतले होते.

अशा कामांना मुक्त काम म्हणतात. मुक्त म्हणजे नकाशा पाहायला मोकळीक, बदलायला मोकळीक, तसे यंत्र करून विकायलाही मोकळीक. मात्र जीआरबीएलसारख्या कामाला एक अट असते. सुधारणा करून ती दुसऱ्याला दिलीत, तर सुधारणेची रीतही त्याला द्या. विरजण घेतलेत, तर विरजण द्यायला नाही म्हणू नका!

आपल्या मुलखात

हे सारे परदेशातच घडले असे नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ हे गाव आहे. तेथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकावे, ही तेथील रीत. २००२ साली तेथे फॅब लॅब सुरू झाली. फॅब लॅब म्हणजे आकड्यांवर चालणारी यंत्रे असलेली शिकण्याची कर्मशाळा. ही कल्पना एमआयटीची. तिच्याबाहेर निघालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी पाबळची एक आहे. खेड्यातल्या मुलाला हे जमेल का, अशी शंका कोणी काढली, तर त्याला पाबळचे नाव सांगावे.

आमची फजिती

आता आमची एक चूक सांगतो. ती झाकून ठेवली, तर तुम्हीही तीच कराल.

आम्ही एका ओळखीच्या तरुणाच्या पडवीत असे लहान यंत्र जुळवले. पहिले आठ दिवस टाकाऊ फळ्यांवर काम नीट झाले. मग सुतारदादा देवघराच्या दाराची सागवानी फळी घेऊन आले. फळी गिऱ्हाइकाची होती. आम्हाला घाई झाली. आम्ही वेग दुप्पट केला. पाते एका गाठीत अडकले. मोटार पावले चुकली. पण या साध्या मोटारीला आपण चुकलो हे कळत नाही. ती आपली पुढची पावले टाकत राहिली. वेलीचे पान मध्येच सरकले आणि फळी वाया गेली.

सुतारदादा काही बोलले नाहीत. फळी उचलून त्यांनी गाठीवर बोट ठेवले. म्हणाले, "ही गाठ मला दिसली असती. यंत्राला डोळा नाही."

फळीचे पैसे आम्ही भरून दिले. पण त्या एका वाक्याने आम्हाला धडा मिळाला. यंत्राला आकडा कळतो, लाकूड कळत नाही. रेशे कुठे वळले, ओल किती, गाठ कुठे, हे सुतारच जाणतो. दुसरी गोष्ट. फिरते पाते गोल असते. त्यामुळे आतला कोपरा गोलच राहतो. तो काटकोनात आणायला पटाशीच हवी. पटाशी धरणारा हातही हवा.

हे जपावे

एक: डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडाला फडके किंवा मास्क लावल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. बारीक भुसा छातीत जातो.

दोन: सैल बाही, उपरणे, पदर, मोकळे केस यंत्राजवळ नकोत. राउटरचे पाते मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेते.

तीन: यंत्र चालू ठेवून चहाला जाऊ नये. बोथट पात्याने लाकूड तापते, भुसा पेट घेऊ शकतो. बंद करण्याचे बटण हाताशी असावे.

चार: कापताना वीज गेली, तर यंत्र आपली जागा विसरते. म्हणून शून्याची खूण फळीवर आधीच पेन्सिलीने करून ठेवावी. वीज आली की यंत्र तेथे आणून मगच पुढे काम करावे.

पाच: विजेची जोडणी अर्थिंगसह जाणकाराकडून करून घ्यावी.

घ्यावे की न घ्यावे?

कारखान्यातल्या मोठ्या यंत्राला काही लाख रुपये पडतात. मुक्त नकाशावरचे अगदी लहान यंत्र, हातभर फळीचे, एका चांगल्या दुभत्या म्हशीहून कमी किमतीत होते. पण नुसती किंमत पाहू नये. पाती झिजतात. वीज लागते. संगणक लागतो. शिकण्यात काही फळ्या वाया जातात. तोही खर्चच. म्हणून आमचे सांगणे असे. आधी शिका, मग घ्या. कर्ज काढून आधी घेऊ नका. चार जणांनी मिळून एक घेतले, तर ओझे हलके होते. घरात शिकलेली मुलगी किंवा मुलगा असेल, तर संगणकाचे काम त्यांच्याकडे द्यावे.

नुसती जाळी कापून पोट भरणाऱ्याचे काम काही अंशी जाईल, हे खरे आहे. ते लपवण्यात अर्थ नाही. पण यंत्र दुकानदाराच्याच हाती राहिले, तर सुतार मजूर होईल. ते सुताराच्या हाती आले, तर त्याच्या हत्यारांत एकाची भर पडेल.

सुतारदादांनी काय केले? त्यांनी आपल्या आजोबांच्या दाराची वेलबुट्टी कागदावर उतरवली. नातीने ती संगणकावर घेतली. फळी दादांनी निवडली. या खेपेस वेग त्यांनीच ठरवला, हळू. यंत्राने जाळी कापली आणि कोपरे दादांनी पटाशीने साफ केले. देव्हारा दोन दिवसांत उभा राहिला. एरवी आठवडा गेला असता. तो त्याच तालुक्याच्या दुकानात गेला. त्यावर खाली लहान अक्षरांत त्यांचे नाव होते. ते त्यांनी स्वतः लिहिले होते.

प्रश्न

१. यंत्रातील मोटार पंख्याच्या मोटारीपेक्षा निराळी कशी?
२. मुक्त काम म्हणजे काय? विरजणाच्या उदाहरणाने सांगा.
३. सागवानी फळी का वाया गेली?
४. दांड्याच्या एका फेऱ्यात गाडा ४ मिलिमीटर सरकतो. मोटारीची पावले २००. तर १ मिलिमीटरला किती पावले?
५. तुमच्या गावात कोणते कसब आहे? यंत्र आले तर त्यातले काय जाईल आणि काय राहील? वर्गात चर्चा करा.