चेहरा धूसर काहून?

श्रावणातला शेवटचा सोमवार होता. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन सुमारे १८ किलोमीटर चालत आलेल्या कावडी राजराजेश्वराच्या जलाभिषेकासाठी अकोल्याच्या जुन्या शहरात शिरत होत्या. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. मी ५० मिमीची लेन्स लावून अ‍ॅपर्चर एफ १.८ वर ठेवलं ते शेवटपर्यंत हलवलं नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळं छान दिसलं. घरी मोठं करून पाहिलं, तर भरण्यावरचा, म्हणजे कावडीतल्या पाण्याच्या भांड्यावरचा, हार पाकळी न् पाकळी स्पष्ट आणि खांदेकऱ्यांचे चेहरे धूसर.

एका पोराला त्यातला फोटो फ्रेम करायचा होता. तो म्हणाला, "भाऊ, बाबाचा चेहरा असा धूसर काहून दिसते?"

हिशेब साधा आहे. माझ्या एपीएस-सी कॅमेऱ्यात माणूस २ मीटरवर असेल, तर एफ १.८ ला स्पष्टतेचा पट्टा जेमतेम ११-१२ सेंटीमीटर. चालणारा माणूस बटण दाबेपर्यंत त्यातून बाहेर पडतो. एफ ४ ला तोच पट्टा २५ सेंटीमीटर होतो.

अंधारात अ‍ॅपर्चर लहान केलं तर फोकस अडखळेल, ही माझी भीती होती. तीच चूक. डीएसएलआर फोकस करताना लेन्स पूर्ण उघडीच ठेवतो. अ‍ॅपर्चर मिटतं ते फोटो निघण्याच्या क्षणापुरतं. म्हणून मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स जरूर घ्या, तिच्या उजेडात कॅमेऱ्याला नीट दिसतं. बऱ्याच कॅमेऱ्यांचा मधला फोकस बिंदू तर एफ २.८ किंवा त्याहून उजळ लेन्सवरच अधिक अचूक चालतो. पण फोटो एफ २.८ ते ४ वर काढा, आयएसओ बेधडक वाढवा, फोकस सतत चालू राहणाऱ्या मोडवर ठेवा आणि बिंदू डोळ्यावर. दाणेदार फोटो चालतो, चुकलेला फोकस मागाहून दुरुस्त होत नाही. मिररलेसमध्ये मात्र काही कॅमेरे ठरवलेल्या अ‍ॅपर्चरवरच फोकस करतात. आपला काय करतो ते आधी बघून घ्या.

सणाच्या आठवडाभर आधी घरी एक करा. टेबलावर वर्तमानपत्र पसरा, कॅमेरा तिपाईवर तिरका लावा, मधल्या ओळीवर फोकस करून एफ १.८, २.८ आणि ४ ला एकेक फोटो घ्या. तिन्हीत चुकीचीच ओळ स्पष्ट येत असेल, तर कॅमेऱ्यातली फोकसची बारीक जुळवणी करावी लागेल. ती सोय नसेल तर सर्व्हिस सेंटर गाठा. अ‍ॅपर्चर मिटवताना स्पष्ट ओळ मागे सरकत असेल, तर तो लेन्सचा स्वभाव आहे. मग जुळवणी त्याच अ‍ॅपर्चरवर करा, ज्यावर तुम्ही कावड टिपणार आहात.