कोंवळ्या खेळाडूंचा वाङ्निश्चय

तेरा वर्षांचा मुलगा म्हणजे आमच्या हायस्कुलांत सातवी-आठवीच्या वर्गांत बसणारा विद्यार्थी. उद्यांचीं गणितें झालीं कीं नाहीं आणि सहामाही परीक्षा किती दिवसांवर आली, यापलीकडे त्याची चिंता सहसा जात नाहीं. पांच वर्षांनंतर तूं कोणत्या कॉलेजांत जाणार, असें त्याला कोणी गंभीरपणें विचारीत नाहीं. आणि विचारलेंच तर त्याचें उत्तर कोणी मनावर घेत नाहीं. परंतु २०१० सालच्या फेब्रुवारी महिन्यांत अमेरिकेंतील याच वयाच्या एका मुलानें या प्रश्नाचें उत्तर दिलें, आणि तें तेथील वृत्तपत्रांनीं देशभर छापलें. त्याची हकीकत प्रथम सांगतों, म्हणजे पुढील विवेचन समजावयास सोपें जाईल.

डेलावेअर राज्यांतील डेव्हिड सिल्स हा मुलगा अमेरिकन फुटबॉलमध्यें चेंडू फेंकणाऱ्याच्या, म्हणजे क्वार्टरबॅकच्या, जागीं खेळत असे. लॉस एंजेलिस येथील सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीचे नवे क्रीडाशिक्षक (तिकडे यांना कोच म्हणतात) लेन किफिन यांनीं त्याच्या खेळाचीं चलच्चित्रें पाहिलीं आणि त्याला आपल्या संघांत जागा व शिष्यवृत्ति देऊं केली. मुलानें ती आनंदानें स्वीकारली. तो कॉलेजांत पाऊल ठेवणार होता २०१५ सालीं! मध्यंतरीं २०१३ च्या सप्टेंबरांत किफिन यांनाच युनिव्हर्सिटीनें काढून टाकलें. त्यांनीं दिलेल्या शब्दाचें ओझें त्यांच्यामागून येणारांवर नव्हतें. अखेरीस हा मुलगा वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटींत गेला आणि तेथें त्यानें नांव मिळविलें तें चेंडू फेंकण्यांत नव्हे, तर झेलण्यांत. २०१७ च्या हंगामांत त्यानें झेललेल्या चेंडूंवर अठरा वेळां टचडाउन झाला. म्हणजे जाणत्या माणसांनीं त्याच्या तेराव्या वर्षीं जें भविष्य वर्तविलें होतें, त्यांतील कॉलेज चुकलें, कोच चुकला आणि खेळांतली जागाही चुकली. मुलगा तेवढा बरोबर निघाला.

कॉलेजच्या संघासाठीं एवढी घाई कशाला, असें आमच्या वाचकांना वाटेल. आपल्याकडेही कॉलेजें सामने खेळतात. परंतु ज्याला खेळाच्या आधारानें पोट भरावयाचें असतें तो रेल्वे, सैन्य किंवा पोलीस यांच्या संघांकडे पाहतो. अमेरिकेंत पुष्कळ खेळांत ती वाट कॉलेजांतूनच जाते. या प्रथेचा आरंभ १८५२ सालीं हार्वर्ड आणि येल या कॉलेजांमधील नौकांच्या शर्यतीनें झाला. न्यू हॅम्पशर राज्यांतील विनिपेसॉकी सरोवरावर ती भरविण्याचा खर्च एका रेल्वे कंपनीनें उतारू मिळावे म्हणून सोसला होता, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. १९०५ सालीं फुटबॉलच्या मैदानावर इतके तरुण दगावले कीं, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं मोठ्या कॉलेजांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतलें. आणि १९०६ सालीं जी संस्था निघाली तीच आजची नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथ्लेटिक असोसिएशन. १९५६ पासून या असोसिएशननें केवळ खेळांतील गुणावर शिष्यवृत्ति देण्यास मोकळीक दिली. तेथील कॉलेजचें शिक्षण अतिशय महाग. मध्यम स्थितींतील आईबापांना मुलाच्या पायांतला वेग हाच फीचा भरणा वाटूं लागला, यांत नवल नाहीं.

हा हिशेब मात्र बहुधा चुकतो. हायस्कुलांत खेळणाऱ्या मुलामुलींची संख्या तेथें सुमारें ८० लाख आहे. त्यांतून असोसिएशनच्या कॉलेजांत खेळावयास मिळतें तें पांच लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांना. आणि खेळासाठीं कांहीं ना कांहीं शिष्यवृत्ति मिळविणारे शेंकडा दोनच निघतात. ‘कांहीं ना कांहीं’ हे शब्द आम्हीं मुद्दाम घातले आहेत. २०२५ पर्यंत पहिल्या श्रेणीच्या कॉलेजाला बेसबॉलसाठीं जास्तींत जास्त ११.७ शिष्यवृत्त्या देतां येत. दशांशांतली शिष्यवृत्ति ऐकून हंसूं येईल. परंतु कोच ती रक्कम सत्तावीस खेळाडूंपर्यंत वांटीत असे, कोणाला निम्मी, कोणाला पाव. बापाच्या स्वप्नांतली पूर्ण शिष्यवृत्ति हातीं येईपर्यंत चतकोर होई. शिवाय १९७३ पासून शिष्यवृत्ति एकेका वर्षाचीच असे. अधिक वर्षांची देण्याची मुभा २०१२ सालीं पुन्हां मिळाली.

मुलींची कथा निराळी आहे. १९७२ सालीं अमेरिकेंत असा कायदा झाला कीं, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेनें स्त्री-पुरुष असा भेद करूं नये. एकट्या फुटबॉलच्या ८५ शिष्यवृत्त्या मुलांकडे जात; तो तोल सांभाळण्यासाठीं कॉलेजांनीं मुलींचे सॉकर, लॅक्रॉस, सॉफ्टबॉल, नौकानयन असे संघ उभे केले. (सॉकर म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतों तोच, लॅक्रॉस हा जाळी लावलेल्या काठीनें चेंडू झेलण्या-फेंकण्याचा खेळ.) हें चांगलेंच झालें. परंतु संघ पुष्कळ आणि तयार खेळाडू थोड्या, अशी स्थिति होतांच कोच अधिकाधिक लहान मुलींकडे वळले. २०१० नंतरच्या कांहीं वर्षांत सॉकर व लॅक्रॉस या खेळांत आठवी-नववींतील मुलींनीं कॉलेजांना शब्द देणें ही नित्याची गोष्ट होऊन बसली.

नियम नव्हते असें नाहीं. कोचानें एवढ्या लहान खेळाडूला आपण होऊन फोन करूं नये, असा नियम होता. पण खेळाडूनें कोचाला फोन केला तर त्याला बाध येत नसे. मग कॉलेजचा कोच मुलीच्या क्लबाच्या कोचाला निरोप देई, क्लबाचा कोच आईबापांना सांगे, आणि ठरल्या वेळीं ती चौदा वर्षांची मुलगी एका अनोळखी प्रौढ गृहस्थाला फोन करून आपण होऊन बोलावयास लागे. कॉलेजच्या खर्चानें भेटीस जाणें शाळेच्या शेवटच्या वर्षापर्यंत मना होतें; स्वतःच्या खर्चानें केव्हांही जातां येई. तेव्हां ज्यांच्या पदरीं विमानभाडें होतें त्यांचींच मुलें आधीं दिसत, आणि जीं आधीं दिसत त्यांनाच आधीं विचारणा होई. कोचाचें म्हणणें साधारणपणें एकच असे : जागा थोड्या आहेत, तूं नाहीं म्हणालीस तर दुसरी तयार आहे.

आमच्या भाषेंत या व्यवहाराला नेमका शब्द आहे : वाङ्निश्चय. शब्द दिला, शब्द घेतला. अक्षता पडावयाच्या आहेत. मात्र लग्नांत वाङ्निश्चय आणि अक्षता यांमध्यें फार तर कांहीं महिने जातात. येथें तीन-चार वर्षें जात. लेखी करार व्हावयाचा तो शाळेच्या शेवटच्या वर्षीं. १९६४ सालीं सुरू झालेलें आणि २०२४ सालीं बंद झालेलें ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ नांवाचें करारपत्र तेव्हांच सहीसाठीं पुढें येई. तोंवर कोणीच कोणाला बांधलेलें नसे. कायद्याच्या दृष्टीनें पाहतां मुलीला शब्द मोडण्याची मोकळीक कोचाइतकीच होती. व्यवहारांत मात्र तसें नव्हतें. तिनें शब्द दिल्याचें कळतांच इतर कोच तिची चौकशी सोडीत. तीही इतर कॉलेजांकडे पाहीनाशी होई. तिनें शब्द मोडला तर ती वचनाची कच्ची ठरे. कोचाला याहून चांगली खेळाडू मिळाली, किंवा त्यालाच दुसरीकडे अधिक पगार मिळाला, तर त्याला त्याची अडचण. मधल्या वर्षांत गुडघा दुखावला तर तो सांगावा कीं लपवावा, हा प्रश्न तिच्या पुढें उभा राही. आणि ज्या कॉलेजांत तिची जागा ठरली होती, तेथील अभ्यास तिला झेपेल कीं नाहीं हें कोण सांगणार? नववीच्या आरंभीं तिचे हायस्कुलाचे गुणसुद्धां अजून लागलेले नसत.

येथें शरीरशास्त्राचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. चौदाव्या वर्षीं जो उंच आणि बळकट दिसतो तो पुष्कळदां केवळ लवकर वाढलेला असतो. कॅनडांत आइस हॉकीच्या मुलांचे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. १९८५ सालीं रॉजर बार्न्सली व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, तेथील वरच्या दर्जाच्या तरुण संघांत जानेवारी ते मार्चमध्यें जन्मलेलीं मुलें फार आणि वर्षाच्या अखेरीस जन्मलेलीं फार थोडीं असतात. जानेवारींत जन्मलेला मुलगा डिसेंबरांत जन्मलेल्यापेक्षां जवळजवळ एका वर्षानें मोठा. निवडणाऱ्याला तें वयाचें अंतर गुण म्हणून दिसतें. एकदां निवड झाली कीं चांगला शिक्षक आणि अधिक सामने त्यालाच मिळतात, आणि आरंभींची चूक पुढें खरी होऊन बसते. उलट, १९७८ सालीं नॉर्थ कॅरोलायनांतील विल्मिंग्टन गांवच्या लेनी हायस्कुलांत मायकेल जॉर्डन या पंधरा वर्षांच्या मुलाला बास्केटबॉलच्या मुख्य संघांत घेतलें नाहीं. त्याला धाकट्या संघांत खेळावें लागलें. पुढें त्याची उंची वाढली, आणि १९८२ सालीं त्याच्याच फेंकीनें नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीनें राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलें. आठवीच्या वर्गांतच जागा वांटून टाकल्या तर असा उशिरां उमलणारा मुलगा येईपर्यंत संघ भरून गेलेला असतो.

अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीनें २०१६ सालीं असा सल्ला दिला कीं, बहुतेक खेळांत मुलांनीं पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकाच खेळाला वाहून घेऊं नये आणि आपल्या मुख्य खेळापासून वर्षांतून एकंदर तीन महिने तरी विश्रांति घ्यावी. पण तेराव्या वर्षीं कॉलेजची नजर पडावयाची असेल तर अकराव्या वर्षींच एक खेळ धरून बाराही महिने खेळावें लागतें. डॉक्टरांचें पंचांग आणि कोचांचें पंचांग यांचा मेळ बसत नाहीं.

गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्या आईबापांची चेष्टा करणें सोपें आहे. आमच्या मतें मात्र त्यांचा दोष वाटतो तेवढा नाहीं. आपल्या देशांत बालविवाहाची चाल होती तेव्हां ती वाईट आहे हें कित्येक बापांना मनांतून पटत असे. पण आपण थांबलों आणि शेजारी थांबला नाहीं तर चांगलें स्थळ हातचें जाईल, ही भीति कोणाला सोडीत नसे. एकट्यानें थांबण्यांत तोटा, सर्वांनीं थांबण्यांत कोणाचाच तोटा नाहीं. अशा ठिकाणीं शहाण्या माणसाचाही उपदेश फुकट जातो. आपल्याकडे १९२९ सालीं सारडा कायदा करावा लागला, त्याचें एक कारण हेंही होतें. कोचांचीही गत त्या बापांसारखीच होती. आठवींतल्या मुलींचे सामने पाहत हिंडण्याची हौस कित्येकांना नव्हती; पण प्रतिस्पर्धी हिंडत असतां घरीं बसण्याची छाती कोणाला होणार?

म्हणून बंधन मागावयास प्रथम पुढें आले ते कोचच. लॅक्रॉसच्या कोचांच्या संस्थांनीं स्वतः मागणी केली, आणि एप्रिल २०१७ मध्यें असोसिएशननें ठरविलें कीं, अकरावीच्या वर्षांतील १ सप्टेंबर उजाडेपर्यंत लॅक्रॉसच्या कोचानें खेळाडूशीं या बाबतींत बोलूं नये. खेळाडूनें आपण होऊन फोन केला तरीही नाहीं. जुनी पळवाट येथें बुजली. २०१८ सालीं इतर खेळांतील भेटींवर बंधनें आलीं, आणि २०१९ सालीं बहुतेक खेळांसाठीं असें ठरलें कीं, दहावीचें वर्ष संपल्यावर १५ जूनपासून बोलणें आणि १ ऑगस्टपासून भेटी सुरू व्हाव्या. फुटबॉल व बास्केटबॉल यांचे नियम निराळे राहिले. फुटबॉलमध्यें तर २०१७ पासून फेब्रुवारीच्या जोडीला डिसेंबरांतही सह्या होऊं लागल्या, म्हणजे तेथें घाई उलट वाढली.

तेरा वर्षांच्या मुलांवरील भार यामुळें हलका झाला, हें कबूल केलें पाहिजे. परंतु मागाहून दुसऱ्याच बाजूनें दाब आला. २०२१ पासून कॉलेजांतील खेळाडूला एकदां, आणि २०२४ पासून अभ्यास ठीक असल्यास कितीही वेळां, वर्ष फुकट न घालवितां दुसऱ्या कॉलेजच्या संघांत जातां येतें. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नांवावर जाहिरातींचे पैसे घेण्याची परवानगी मिळाली. जून २०२५ मध्यें न्यायालयानें मान्य केलेल्या तडजोडीनें, ज्या कॉलेजांनीं ती पत्करली त्यांच्यापुरती शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि तिच्या जागीं संघांतील माणसांची मर्यादा आली : फुटबॉलला १०५, बेसबॉलला ३४. आतां कोचापुढें वीस-एकवीस वर्षांचे, अंगानें भरलेले, दोन हंगाम कसाला लागलेले खेळाडू उभे असतात. मग सतरा वर्षांच्या नवख्यासाठीं राखावयाच्या जागा कमी होतात, आणि ‘जागा थोड्या आहेत’ हें कोचाचें जुनें वाक्य पूर्वींपेक्षां खरें ठरतें.

नियमानें नेमून दिलेल्या तारखेच्या आदल्या रात्रीं अमेरिकेंतील कित्येक घरांत दहावी-अकरावीचीं मुलें झोंपत नाहींत. मध्यरात्रीं बाराचा ठोका पडतांच कोचांना बोलण्याची मोकळीक होते, आणि पुष्कळ कोच त्याच क्षणीं निरोप धाडतात. मूल हातांत फोन घेऊन बसलेलें असतें आणि आईबाप शेजारीं जागत असतात. कांहीं घरांत फोन लागोपाठ वाजतो. बाकीच्या घरांत एक वाजतां दिवा मालवतात.