तळ्याचा गाळ आणि पाणपक्षी

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात पावसाचा मुख्य काळ ऑक्टोबर ते डिसेंबर हा होय. तत्पूर्वी भातशेतीस लागणारे पाणी १९३४ साली पुऱ्या झालेल्या मेट्टूर धरणातून येते; साठा पुरेसा असल्यास १२ जूनला दारे उघडण्याची प्रथा आहे. कल्लणै या प्राचीन बंधाऱ्यापाशी ते शाखानद्यांत व कालव्यांत वाटले जाते आणि अखेर गावोगावच्या तळ्यांत विसावते. तंजावरला भोसल्यांची गादी होती तेव्हाही येथील शेती कावेरीच्याच पाण्यावर पिकत असे.

तंजावरहून मन्नारगुडीकडे जाताना वडुवूरचे तळे लागते. ते शेतीसाठी बांधलेले. परंतु हिवाळ्यात तेथे इतके पाणपक्षी उतरतात की २०२२ साली त्याचा रामसर यादीत समावेश झाला. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत त्यात पाणी येते. एप्रिल ते जुलै ते कोरडे असते. हा कोरडेपणा दोष नव्हे. उघड्या तळाशी गवत वाढते आणि पुढे पाण्याखाली कुजून किडे, गोगलगाई व मासे यांचे पोषण करते.

पक्ष्यांच्या दृष्टीने महत्त्व आहे ते खोलीला. तुतवार अगदी उथळ पाण्यातच चरतो. तलवार बदक शेपटी वर करून चोच चिखलापर्यंत नेते. त्याहून खोल पाणी त्याच्या उपयोगाचे नाही. पाणकावळा मात्र बुडी मारतो. म्हणून गाळ काढताना काठ सरळ कापून तळ्याचा हौद केला, तर साठा वाढतो आणि बहुतेक पक्षी उपाशी राहतात. गाळ शेतात पडलाच पाहिजे, त्याविषयी वाद नाही. पण तो मधून काढावा, काठाचा उतार राखावा व घरट्यांच्या बाभळी तोडू नयेत. आपल्याकडे नांदूर मध्यमेश्वरला तर बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळानेच पक्ष्यांना उथळ पाणी व बेटे दिली!

शेतकऱ्यालाही याचा मोबदला मिळतो. मुग्धबलाक भातखाचरांतील गोगलगाई वेचतो आणि घरट्यांखालची विष्ठा पाण्यात विरघळून मोरीवाटे शेतात पोचते.

खरी अडचण येते ती धरण न भरलेल्या वर्षी. जानेवारीत ‘सांबा’ या दीर्घ मुदतीच्या भातास अखेरचे पाणी हवे असते आणि त्याच सुमारास घरट्यांत पिले असतात. अशा वेळी शेतकऱ्याने मोरी बंद ठेवावी, असे सांगणे सोपे आहे, न्याय्य नाही. मधला खड्डा मोरीच्या उंबरठ्याहून खोल खणलेला असेल, तर मोरी पूर्ण उघडूनही तेवढे पाणी तळ्यातच राहते.