औषधांना न जुमानणारे जिवाणू

नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर तालुका केळीसाठी प्रसिद्ध असला, तरी या परिसरातील शेतकऱ्याला कापसाचाही दीर्घ अनुभव आहे. बोंडअळीला अटकाव करणारा बी. टी. कापूस २००२ साली देशात आला, तेव्हा अळीचा प्रश्न कायमचा मिटला असे अनेकांना वाटले. परंतु २०१७ च्या हंगामात मराठवाडा व विदर्भात गुलाबी बोंडअळीने याच कापसाची बोंडे पोखरली. वाणातील विषाला बहुसंख्य अळ्या बळी पडल्या होत्या; ज्या मोजक्या तगल्या, त्यांचीच प्रजा पुढे वाढत गेली. शेतात जे घडले तेच आज रोगजंतूंच्या बाबतीत घडत आहे.

जिवाणूंचा नाश करणाऱ्या किंवा त्यांची वाढ रोखणाऱ्या औषधांना प्रतिजैविके म्हणतात. त्यांतील पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये लागला. महाराष्ट्रात पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात १९५५ पासून त्याचे उत्पादन सुरू झाले. अशा औषधांमुळे न्यूमोनिया, चिघळलेल्या जखमा आणि बाळंतपणानंतरचा ज्वर यांतून असंख्य जीव वाचले. तथापि, अपुऱ्या मात्रेत औषध घेतल्यास जंतू त्याला दाद देईनासे होतील, असा इशारा खुद्द फ्लेमिंग यांनीच १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात दिला होता.

येथे एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. औषधाची सवय रुग्णाच्या शरीराला होत नाही. प्रतिकार जिवाणूंच्या अंगी येतो. काही जिवाणू अनुकूल स्थितीत सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतात आणि प्रतिकाराचा गुण दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देऊ शकतात. म्हणूनच ज्याने आयुष्यात कधी प्रतिजैविक घेतले नाही, अशा व्यक्तीलाही प्रतिकारक्षम जंतूंची लागण होऊ शकते. अस्वच्छ हात, दूषित पाणी, रुग्णालयातील निष्काळजीपणा आणि जनावरांशी येणारा संपर्क हे त्यांच्या प्रसाराचे मार्ग होत. नवजात बालके, वृद्ध, मधुमेही व शस्त्रक्रिया झालेले रुग्ण यांना त्यांचा धोका अधिक असतो. २०१९ या एकाच वर्षी जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा संसर्गाने झाले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

महाराष्ट्राला याचे गांभीर्य क्षयरोगाने दाखवून दिले. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ च्या अखेरीस चार क्षयरुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तपासून पाहिलेल्या एकाही औषधाला त्यांचे जंतू दाद देत नव्हते. यांपैकी तिघांना पूर्वी निरनिराळ्या खाजगी डॉक्टरांकडून अनियमित व बहुधा चुकीच्या मात्रेत औषधे मिळाली होती. त्यानंतर नवी औषधे उपलब्ध झाली आहेत. परंतु तीही जपूनच वापरावी लागतील.

प्रतिबंधाचे उपाय गावाच्या आवाक्याबाहेरचे नाहीत. सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते; त्यावर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ही औषधे घेऊ नयेत, सांगितलेली मात्रा व मुदत पाळावी आणि उरलेल्या गोळ्या दुसऱ्यास देऊ नयेत. क्षयरोगाचे उपचार तर बरे वाटू लागले तरी मध्येच सोडू नयेत. मार्च २०१४ पासून अनेक महत्त्वाची प्रतिजैविके ‘एच-१’ अनुसूचीत असून, त्यांच्या विक्रीची नोंद औषध विक्रेत्याने तीन वर्षे जपून ठेवणे बंधनकारक आहे. औषधाच्या पाकिटावरील तांबडी रेघ ही चिठ्ठीशिवाय औषध न घेण्याची खूण आहे. शिक्षकांनी ती विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावी.

पशुपालकांनीही दक्ष राहिले पाहिजे. कासदाहासाठी जनावराला प्रतिजैविक दिल्यास पशुवैद्यकाने सांगितलेल्या मुदतीपर्यंत त्याचे दूध विकू वा पिऊ नये. माणसांवरील उपचारांत अखेरचा आधार मानल्या जाणाऱ्या कोलिस्टिनचा खाद्योपयोगी जनावरांसाठी वापर करण्यास केंद्र शासनाने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली.

मात्र सर्वांत स्वस्त उपाय संसर्ग टाळण्याचाच आहे. पाण्याचे नियमित शुद्धीकरण, शौचालयांचा वापर, साबणाने हात धुणे आणि बालकांचे वेळेवर लसीकरण यांमुळे औषधाची गरजच कमी होते. जलकुंभात नियमितपणे क्लोरीन टाकले जाते की नाही, हे पाहणारा पंचायत सदस्यही या औषधांची धार टिकवण्याचेच काम करीत असतो.