नामचेतला जादा दिवस वगळावा का?

प्रश्न : आम्ही चार मित्र मगरपट्ट्यात नोकरी करतो आणि ऑक्टोबरमध्ये एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक करणार आहोत. दर रविवारी सिंहगड चढतो, सायकलवर दिवे घाट करतो, त्यामुळे दमाची काळजी नाही. एका संस्थेच्या कार्यक्रमात नामचे बाजार आणि दिंगबोचे इथे एकेक 'विश्रांतीचा दिवस' आहे. दुसऱ्या संस्थेने हे दोन्ही दिवस काढून टाकले आहेत. तिथे पैसे कमी लागतात आणि दोन रजाही वाचतात. शिवाय विश्रांतीच्या दिवशीसुद्धा डोंगर चढायला लावतात असे ऐकले. मग तो दिवस वगळला तर काय बिघडते? – एक वाचक, हडपसर

उत्तर : वगळू नका. तुमच्या दमाबद्दल मला शंका नाही, पण या दोन दिवसांचा दमाशी संबंध फार थोडा आहे.

तुम्ही हडपसरचे, म्हणून आधी तुमच्या दारावरून जाणाऱ्या वाटचालीकडे बघू. पुण्यातला मुक्काम हलला की माउलींची पालखी हडपसरला विसावते. इथेच तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते आणि माउलींची दिवे घाटाकडे वळते. पुणे ते सासवड हा वारीतला फार लांबचा टप्पा, त्यात घाट. म्हणून सासवडला दोन रात्री मुक्काम असतो. तिथे सोपानकाकांची समाधी आहे हे त्याचे मोठे कारण, पण त्या दिवशी पायांना तेल लागते, कपडे धुतले जातात, तुटलेली चप्पल शिवून मिळते. ही पायांची विश्रांती. तुमच्या मनातला विश्रांतीचा दिवस असाच असणार. नामचेतला दिवस याहून वेगळ्या कारणासाठी असतो.

हडपसर समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे. सिंहगड 1,300 मीटरच्या थोडा वर, आणि महाराष्ट्रातले सर्वांत उंच कळसूबाईसुद्धा 1,646 मीटरच. विरळ हवेचा त्रास साधारण 2,500 मीटरच्या पुढे सुरू होतो. म्हणजे सह्याद्रीत कितीही चढलात तरी पाय आणि छाती तयार होतील. विरळ हवेची सवय आपल्या राज्यातला एकही डोंगर लावू शकत नाही. तुमचे विमान लुक्लाला उतरेल तेच 2,800 मीटरच्या वर. नामचे 3,440 मीटरवर, दिंगबोचे 4,410 मीटरवर आणि बेस कॅम्प 5,364 मीटरवर.

हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण सगळीकडे तेच, 21 टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. नामचेत तो समुद्रकाठच्या दोन तृतीयांशावर येतो आणि बेस कॅम्पवर जवळजवळ निम्म्यावर. एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन त्याच हिशेबाने घटतो. शरीर लगेच श्वास वाढवते, पण जोराने श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर जातो आणि रक्त किंचित अल्कधर्मी होते. त्यामुळे मेंदूतले श्वासाचे केंद्र 'आता पुरे' म्हणून लगाम खेचते. ही ओढाताण रात्री जास्त जाणवते. झोपेत श्वास थांबल्यासारखा होतो, माणूस दचकून उठतो. तोडगा मूत्रपिंडांकडे असतो. जादा बायकार्बोनेट ती लघवीवाटे बाहेर टाकतात आणि मग श्वास मोकळेपणाने वाढू शकतो. या कामाला दोन ते चार दिवस लागतात, आणि रोज सिंहगड चढणाऱ्याची मूत्रपिंडे काही जास्त वेगाने चालत नाहीत. उलट चपळ तरुणांनाच त्रास होताना पुष्कळदा दिसतो, कारण पाय त्यांना शरीराच्या तयारीपेक्षा लवकर वर नेतात. नव्या तांबड्या पेशी तयार होऊन त्यांचा खरा फायदा मिळायला तर आठवडे जातात, म्हणजे तोवर तुम्ही हडपसरला परतलेले असाल.

दुसरेही एक कारण आहे. उंचीची डोकेदुखी पोहोचल्याबरोबर सुरू होत नाही. बहुतेकदा ती सहा ते बारा तासांनी, म्हणजे रात्री किंवा दुसऱ्या सकाळी डोके वर काढते. जादा दिवस असेल तर ती दिसेपर्यंत तुम्ही त्याच उंचीवर असता. नसेल तर ती सुरू व्हायच्या वेळी तुम्ही आणखी वर निघालेले असता. 3,000 मीटरच्या पुढे झोपायची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, हा डॉक्टरांचा नियम याच अनुभवातून आला आहे.

आता विश्रांतीच्या दिवशी चढ कशाला? कारण नियम झोपायच्या उंचीचा आहे. दिवसा थोडे वर जाऊन रात्री खाली झोपले की शरीराला पुढच्या उंचीची ओळख होते आणि रात्रीचा ताण वाढत नाही. नामचेहून स्यांगबोचेला 3,880 मीटरवरच्या हॉटेल एव्हरेस्ट व्ह्यूपर्यंत बहुतेक जण जातात. आकाश निरभ्र असेल तर एव्हरेस्ट, ल्होत्से आणि आमा दबलाम समोर दिसतात. चहा घ्या, उतरा. अंगात बळ असेल तर खुमजुंगला वळा. एडमंड हिलरींनी 1961 साली उभी केलेली शाळा तिथे आहे. चाल इतकी सावकाश ठेवा की गप्पा मारता आल्या पाहिजेत. शिखरावर जाणारे गिर्यारोहकसुद्धा बेस कॅम्पला पोहोचल्यावर आठवडेच्या आठवडे वर चढून खाली येण्यातच घालवतात.

दुपारी लॉजवर परत या. ऊन असेतोवर मोजे धुऊन वाळत घाला, कारण सूर्य कलला की काही वाळत नाही. दिवसभर पांघरुणात पडून राहू नका. भूक नसली तरी डाळभात खा. दारू आणि झोपेच्या गोळ्या दोन्ही टाळा, कारण त्या श्वास मंदावतात. तिथल्या लॉजांत खोलीचे भाडे कमी असते आणि मालकिणीची कमाई स्वयंपाकघरावर असते, म्हणून राहता तिथेच जेवायचे ही रीत पाळा. तिला दिदी म्हणतात. बॅटरी चार्ज करायला आणि गरम पाण्याला वेगळे पैसे पडतात, त्यावर घासाघीस करू नका. तिथे पोहोचणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू कुणीतरी पाठीवरून किंवा खेचरावरून चढवलेली असते. वार शनिवार असेल तर नामचेचा आठवडी बाजार सकाळीच पाहून घ्या.

या दिवसावर तुमच्याइतकाच हक्क तुमचे सामान वाहणाऱ्या भरियाचाही आहे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण स्वस्त कार्यक्रमात त्याचा विचारच झालेला नसतो. हे भरिया बरेचदा खालच्या खोऱ्यांतले असतात, त्यांनाही उंची लागते, आणि रोजगार बुडेल म्हणून ते डोके दुखतेय हे सांगत नाहीत. तुम्हीच विचारा.

गोळ्यांचे म्हणाल तर ॲसिटाझोलामाइड मूत्रपिंडांच्या याच कामाला मदत करते. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर आधी सांगा आणि डोस डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. गोळी घेतली म्हणून दिवस कमी करायचा नाही. डोके दुखत असताना वर जायचे नाही. चालताना तोल जाऊ लागला, बोलणे बरळल्यासारखे झाले किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असो की पाऊस, ताबडतोब खाली उतरायचे. दिंगबोचेजवळच्या फेरिचेत हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे उपचार केंद्र आहे. ही संस्था 1973 सालापासून हेच काम करते आहे. हंगामात तिथले डॉक्टर दुपारी उंचीच्या आजाराबद्दल माहिती देतात. दिंगबोचेतल्या जादा दिवशी टेकडी ओलांडून ती ऐकायला जरूर जा.

रजा खरोखरच वाढत नसेल तर यंदा 4,130 मीटरवरचा अन्नपूर्णा बेस कॅम्प करा आणि एव्हरेस्ट पुढच्या वर्षासाठी ठेवा. पण जायचेच असेल तर नामचेत दोन रात्री आणि दिंगबोचेत दोन रात्री हे संस्थेकडून लेखी घ्या. ते मिळत नसेल तर आगाऊ रक्कम भरू नका.