फळ्यावरचं कोडं : उत्तर सांगायची घाई नको



वर्गात कोडं घातलं की काय होतं, ते आपण रोज बघतो. दोन-तीन मुलांचे हात लगेच वर जातात. एकाने उत्तर सांगितलं की बाकीची मुलं पेन्सिल खाली ठेवतात. त्यांचा विचार सुरू व्हायच्या आधीच कोडं संपलेलं असतं. शिष्यवृत्ती परीक्षेला वेग लागतो, हे खरं. पण रोजच असं झालं, तर सावकाश विचार करणारं मूल 'मला गणित येत नाही' असं मनाशी ठरवून टाकतं. त्याला गणित येत असतं, फक्त वेळ मिळालेला नसतो.

यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे.

नारळीकरांच्या घरातला फळा

डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म 1938 साली आपल्या कोल्हापुरात झाला. बालपण मात्र बनारसला गेलं, कारण वडील तिथल्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. घरात मुलांसाठी भिंतीवर फळे होते. शिकायला म्हणून त्यांचे मोरूमामा (मोरेश्वर हुजूरबाजार) त्यांच्याकडे राहायला आले. ते अधूनमधून फळ्यावर जयंतच्या नावाने आव्हान म्हणून एखादं गणित लिहून ठेवायचे. जयंतला ते सुटेपर्यंत, किंवा तो हार मानेपर्यंत, ते गणित फळ्यावर तसंच राहायचं. नारळीकरांनी ही आठवण पुढे अनेकदा सांगितली.

यात तीन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. एक, घड्याळ नव्हतं. दोन, शेजारच्या मुलाशी स्पर्धा नव्हती. तीन, जाता-येता कोडं डोळ्यांसमोर राहत होतं. असं कोडं जेवतानाही डोक्यात घोळत राहतं.

फळ्यासाठी एक कोडं (इयत्ता चौथी-पाचवी)

हे कोडं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (1905-1986) यांच्या शोधावरून घेतलं आहे. कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. चार अंकी संख्यांशी खेळताना त्यांना 6174 ही संख्या सापडली. 1975 साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि जगभरच्या कोडीप्रेमींना ते माहीत झाले. आपण त्याचं तीन अंकी, सोपं रूप घेऊ.

कृती : तीन अंकी कोणतीही संख्या घ्या. तिन्ही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा. मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा.

उदाहरणार्थ, 352 घेऊ.
532 − 235 = 297
972 − 279 = 693
963 − 369 = 594
954 − 459 = 495
954 − 459 = 495

आता गाडी 495 वरच थांबली! मुलं दुसरी संख्या घेतात, तिसरी घेतात, तरी 495 च. वजाबाकीची वीस-पंचवीस उदाहरणं मुलं न कुरकुरता सोडवतात. हातच्याची एखादी चूक झाली तरी पुढे बहुधा 495 च येतं, त्यामुळे प्रत्येक वजाबाकी तपासून बघायला हवी.

पण खरं कोडं पुढे आहे : असं का होतं? हा प्रश्न फळ्यावर लिहा आणि आठवडाभर राहू द्या.

फक्त मोठ्यांसाठी उलगडा : वजाबाकीत मधला अंक दोन्हीकडे तोच असतो, म्हणून तो निघून जातो. उरतो तो सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक, 99 पट होऊन. हा फरक 1 ते 9 यांपैकीच असणार. म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर उत्तरं नऊच शक्य आहेत : 099, 198, 297, 396, 495, 594, 693, 792, 891. या नऊ संख्या करून बघितल्या की काम झालं, साऱ्या 495 ला पोचतात. (099 मधला शून्य मात्र सोडायचा नाही.) शेकडो संख्या तपासायच्या होत्या, त्या नऊवर आल्या. गणितात विचार केल्याने काय मिळतं, ते मुलांना इथे दिसतं.

फळा चालवताना

• आठवड्याला एकच कोडं. सोमवारी लिहायचं, शनिवारी बोलायचं.
• उत्तर ओरडून सांगायचं नाही. वहीत लिहून गुपचूप दाखवायचं.
• उत्तराइतकीच 'कसं काढलंस?' याचीही चौकशी करायची.
• अर्धवट विचारालाही शाबासकी द्यायची.
• मूल अडलं तर उत्तर न देता एक छोटा प्रश्न विचारायचा : 'आधी लहान संख्या घेऊन बघतोस का?'
• घरी फळा नसला तर फ्रिजच्या दारावर कागद चिकटवा. मोरूमामाचं काम आजी-आजोबा, काका, मावशी कुणीही करू शकतं.

या आठवड्याचं कोडं

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर एका गवळ्याकडे दुधाने भरलेली मोठी कासंडी आहे. मापं दोनच, एक 5 लिटरचं आणि एक 3 लिटरचं. मापांवर खुणा नाहीत. दूध परत कासंडीत ओतलेलं चालतं. गिऱ्हाइकाला बरोबर 4 लिटर दूध हवं आहे. गवळ्याने काय करावं?

उत्तर मुद्दाम देत नाही. आधी स्वतः सोडवा, मग मुलांना घाला. आणि मुलाने विचारलंच, तर निदान शनिवारपर्यंत तोंडावर बोट!